दोष शब्दाचा नव्हता, जैवंता

“गुरुजी म्हणाले, पाळणा थांबवायचा. बाईंनी ऐकले, पाळणा थोडा थांबवायचा. एकाच्या मराठीत थांबणे म्हणजे संपणे, दुसरीच्या मराठीत थांबणे म्हणजे वाट पाहणे. दोघेही आपापल्या जागी खरे होते. चूक असलीच तर ती एका शब्दाची होती.”

जैवंता, गेल्या रविवारी धानोऱ्याला तुझ्या शोकसभेत शबानाने ही वाक्ये वाचली आणि माणसांनी डोळे पुसले. शबाना म्हणजे बाजारातल्या रशीद टेलरची मुलगी. वकिलीचे शिक्षण घेऊन ती परत आली आणि शेवटची काही वर्षे तुझ्या संघटनेचे कागद तिनेच सांभाळले. तिने लिहिले चांगले होते. वाक्यरचनेत मला एकही दोष सापडला नाही, आणि मी शोधत होतो. सभा संपल्यावर दोन तरुण शिक्षक माझ्या पाया पडले. त्यांतला एक म्हणाला, “तुमच्यामुळे बाई घडल्या, गुरुजी.” मी पाय मागे घेतले. बहात्तराव्या वर्षी पाय चटकन मागे जात नाहीत, पण गेले.

ही हकीकत मला मान्य नाही. इतरांच्या हकिकती खोडून काढण्यात माझे आयुष्य गेले आणि त्यामुळे मला मित्र थोडे राहिले, याची मला खंत नाही. या वेळची अडचण वेगळी आहे. ही हकीकत शबानाने रचलेली नाही. ती तिने तुझ्या तोंडून ऐकली. गडचिरोलीच्या मोर्च्यात, चामोर्शीच्या मेळाव्यात, आरमोरीच्या महिला परिषदेत, जिथे जिथे तुला बोलायला उभे केले तिथे तिथे तू हेच सांगितलेस, आणि सांगताना हसलीस. तेव्हा वाद तुझ्याशीच घालावा लागेल. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. ज्यांचे वाद हयातीत पुरे झाले त्यांनी ते पाळावे.

चारचौघांत मी तुला ‘तुम्ही’ म्हणत असे, कारण तू सरपंच होतीस आणि मी रीत पाळणारा माणूस आहे. तुझ्या अंगणात मात्र ‘तू’ निघे. तू मला पहिल्यापासून शेवटपर्यंत गुरुजी म्हणालीस, जरी माझ्या शाळेत तू एक दिवसही बसली नव्हतीस. मी तुझी भाषा सुधारण्याचा प्रयत्न केला होता, हे लोकांना ठाऊक नाही. तुमच्या बोलीत बाईही ‘मी सांगतो, मी जातो’ म्हणते. मी दर वेळी टोकायचो, “सांगते म्हण, जाते म्हण.” एकदा तू तेंदूपानांचा पुडा बांधता बांधता मान वर न करता म्हणालीस, “मी बाई आहो हे मले मालूम आहे, गुरुजी. तुमच्या व्याकरणाले मालूम नसन तं त्याले सांगा.” त्यानंतर मी टोकणे सोडले. पाळण्यालाही तू ‘पारना’ म्हणायचीस. ते मी कधी दुरुस्त केले नाही. का केले नाही, ते तुला ठाऊक आहे.

आता त्या मार्च महिन्याकडे येतो.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. धानोऱ्यापासून पायी दोन तासांवर असलेल्या तुझ्या गावात मी मुख्याध्यापक होतो. खरे म्हणजे एकटाच शिक्षक होतो, पण पाटीवर मुख्याध्यापक असे लिहिले होते. त्या काळी आम्हा शिक्षकांना कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट दिलेले असे. आजच्या तरुणांना हे सांगितले की त्यांना ती थट्टा वाटते. शाळा शिकवायची, जनगणना करायची आणि मार्च संपायच्या आत केस आणायची. बाईला तेव्हा कागदावर कोणी बाई म्हणत नसे, केस म्हणत. “तुमच्या किती केसा झाल्या?” हा आम्हा मास्तरांचा मार्चमधला रामराम होता. ज्यांच्या केसेस बाकी असतील त्यांची नावे तालुक्याच्या बैठकीत मोठ्याने वाचत आणि त्यांना उभे करीत. माझे नाव तोवर कधी वाचले गेले नव्हते. त्या वर्षी वाचले गेले. मी उभा राहिलो. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसले.

शबाना म्हणते, तो व्यवस्थेचा दबाव होता. होता. पलीकडच्या गावच्या शिक्षकावरही तोच दबाव होता. त्याने केस आणली नाही. त्याची बदली एटापल्लीच्या पुढे झाली. तो गेला, आणि तिथे त्याने उत्तम शाळा चालवली. सभेत आणखी एकाने माझ्या बाजूने सांगितले की गुरुजींच्या पत्नीची प्रकृती तेव्हा बरी नव्हती, म्हणून त्यांना आरमोरीला बदली हवी होती. माझी पत्नी तेव्हा ठणठणीत होती आणि आजही आहे. मला आरमोरी हवी होती, कारण तिथे माझे घर होते, धानाचे बांध होते आणि संध्याकाळी वाद घालायला माणसे होती. आणि मला लाज वाटली होती. याहून मोठे कारण माझ्यापाशी नव्हते. कोणी ते माझ्यासाठी शोधू नये.

मी तुला गाठले तेव्हा पहाट उलटत होती आणि तू मोहाखाली होतीस. खालचा पाला तुम्ही आदल्या दिवशीच जाळून जागा काळी करून ठेवली होती, आणि तिच्यावर मोहाची फुले पडत होती. तुझी मुलगी सगुणा पाचेक वर्षांची. ती तुझ्याबरोबर वेचत होती. मुलगा टोपल्याशेजारी लुगड्याच्या तुकड्यावर उताणा पडून पाय नाचवीत होता. दवाखान्याच्या भिंतीवर त्या काळी दोन ओळी रंगवलेल्या असत: पाळणा लांबवा, पाळणा थांबवा. लांबवायला तांबी, थांबवायला शस्त्रक्रिया. दोन्ही क्रियापदे मला नीट ठाऊक होती. तुमच्याकडे ‘थांब’ म्हणजे काय, हेही मला नऊ वर्षे तिथे राहून ठाऊक झाले होते. शाळेतले प्रत्येक पोर “थांबा जी, येऊन राह्यलो” म्हणत धावत येई.

मी म्हणालो, “जैवंता, दोन लेकरे झाली. आता पाळणा थांबवू.”

तू म्हणालीस, “थांबवाचाच आहे जी. हे पोट्टं अजून अंगावर पेते. आता लगेच नको.”

‘आता लगेच नको.’ हे मी ऐकले. पाचवीच्या मुलाचा चुकलेला अनुस्वार ज्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे, त्याच्या कानावरून हे तीन शब्द निसटले असे कोणी म्हणू नये. तुला काय समजले आहे, हे मला त्या मोहाखाली पुरते समजले होते. ‘बंद’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. फारसीतून आलेला, साधा, तालुक्यातल्या प्रत्येकाला कळणारा शब्द. मी तो वापरला नाही. शुद्ध मराठी बोललो.

तू एवढेच विचारलेस, “मोह वेचता येईन ना?”

“आठ दिवसांनी,” मी म्हणालो. तेही खरे नव्हते. त्या वर्षी तुझा मोह गुरांनी खाल्ला.

जीपने तू शस्त्रक्रियेच्या शिबिराला गेलीस आणि दुसऱ्या दिवशी जीपने परत आलीस. माझे नाव यादीतून गेले. आरमोरीला बदली मात्र झाली नाही. ज्याने पाच आणल्या होत्या त्याची झाली. शिबिराच्या त्या दिवसाविषयी एक गोष्ट मी मागे ठेवतो आहे. ती आधी सांगितली तर वाचणारा तिथेच थांबेल आणि तुझे काम वाचायचे राहून जाईल. तेवढा अन्याय मी तुझ्यावर आणखी करणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात मुलगा तापाने गेला. त्याचे नाव मी लिहीत नाही. ते तुझे आहे.

वर्ष उलटले असेल. हिवाळ्यात, शाळा सुटायच्या सुमाराला, तू आणि तुझा नवरा सोमा शाळेच्या पडवीत येऊन उभे राहिलात. तू नवे लुगडे नेसली होतीस. बाजाराला जाताना नेसायचे ते. मला वाटले, दाखला हवा असेल.

“गुरुजी,” तू म्हणालीस, “पारना चालू करा.”

मला कळले नाही असे मी दाखवले. तू समजावून सांगितलेस, लहान मुलाला सांगावे तसे. “तुमी थांबवला होता ना जी. आता चालू कराचा आहे. कोन्या डॉक्टरकडं जाचं ते सांगा.”

त्यानंतर मी जे केले ते सभेत कोणी सांगितले नाही, कारण तूही ते कोणाला सांगितले नव्हतेस. मी आत गेलो आणि शब्दकोश घेऊन आलो. पडवीत खुर्चीवर बसून, चष्मा लावून, तुला आणि सोमाला ‘थांबवणे’ या क्रियापदाचा अर्थ वाचून दाखवला. बंद करणे, खंडित करणे. “हा अर्थ आहे,” मी म्हणालो. “मी स्पष्ट सांगितले होते.” त्या नोंदीत पुढे दुसरा अर्थही होता: वाट पाहायला लावणे, खोळंबून ठेवणे. मी पहिल्या अर्थापाशी पुस्तक मिटले.

तू त्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलेस. मग म्हणालीस, “पुस्तकात तुमचंच खरं असन, जी.”

सोमा मात्र पायरी उतरता उतरता वळला. तो कमी बोलणारा माणूस होता. “गुरुजी,” तो म्हणाला, “तुमचीच पोरगी असती तं कोनता शब्द काढला असता?”

मी म्हणालो, “शिक्षकाशी बोलायची ही पद्धत नव्हे.”

त्यानंतर सोमा जिवंत असेतो माझ्याशी बोलला नाही. ते योग्यच होते. तुम्ही दोघे चंद्रपूरला एका डॉक्टरकडे जाऊन आलात. त्याने काय सांगितले ते मी विचारले नाही. उत्तर सगळ्या गावाला तुझ्या चालण्यावरून कळले.

पुढच्या मार्चमध्ये तू शिबिराच्या फाटकाशी चिंचेखाली जाऊन बसलीस.

याविषयी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राने परवा छापले की तू कुटुंब नियोजनाची कट्टर विरोधक होतीस. हेही धादांत चूक आहे, आणि मी तिथे हजर होतो. शिबिराचे अधिकारी घाबरले आणि त्यांनी मलाच पुढे केले. “ती तुमच्या गावची बाई आहे ना, गुरुजी? उठवा तिला.” मी आलो. तुझ्याजवळ पाण्याची गुंडी होती आणि शेजारी आणखी दोघी बसल्या होत्या. प्रत्येक जीप आली की तू उतरणाऱ्या बाईला पाणी द्यायचीस आणि एकच प्रश्न विचारायचीस: “तुले काय सांगतलं, बाई? थांबवाचं का बंद कराचं?”

“हे बंद कर,” मी तुला म्हणालो.

तू हसलीस. “पाहा, आता बरोबर शब्द सापडला तुमाले.” शेजारच्या दोघीही हसल्या. मग तू गंभीर झालीस. “मी कोनाले जाऊ नको म्हणून नाई राह्यलो. मी फक्त इच्यारतो. इच्याराचं काम तुमचं होतं.”

त्या दिवशी फाटकातून चार बाया परत फिरल्या. बाकीच्या आत गेल्या, कारण त्यांना ‘बंद’च करायचे होते आणि त्यांनी तसे ठणकावून सांगितले. एकीने तर तुला झापले, “मले सहा हायेत, थांबवून का लोणचं घालू?” तिच्यावर सगळ्यात मोठ्याने तूच हसलीस.

पुढच्या वर्षी तू स्वतः एकीला घेऊन आलीस. आरमोरीच्या वाटेवरच्या गावची ती. पाच मुले, नवरा नको म्हणत होता आणि जीपच्या मागे सायकल हाणत आला होता. फाटकाशी त्याने गोंधळ घातला. तू त्याच्या हँडलला हात लावून म्हणालीस, “भाऊ, तुह्या पोटात राह्यले असते नऊ महिने, तं तुले इच्यारलं असतं.” बाई आत गेली. कारकुनाने वही पुढे सरकवली आणि विचारले, केस कोणाच्या नावावर लिहायची? तू म्हणालीस, “मी केस नाई आणली, साहेब. बाई आणली.” त्याला रकाना भरता येईना. मी बाजूला उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच मला सांगता आले नाही की नियमाप्रमाणे काय लिहितात.

तू विरोधक नव्हतीस आणि प्रचारकही नव्हतीस. ‘हो’ आणि ‘नको’ हे दोन्ही शब्द बाईच्या मालकीचे असावेत, एवढेच तुझे म्हणणे होते. ते एवढे साधे होते की दोन्ही बाजूंना पचले नाही.

पुढे पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तू निवडून आलीस, आणि दुसऱ्या वेळी सरपंच झालीस. मी तोवर निवृत्त होऊन आरमोरीला गेलो होतो. एके दिवशी तू बसने माझ्या दारात आलीस, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढलास आणि पत्नीने दिलेला चहा प्यायच्या आधी म्हणालीस, “हे शासनाचं मराठी मले समजत नाई. तुमची भाषा आहे, तुमीच वाचा.”

लोक म्हणतात, तू मला क्षमा केलीस. मी म्हणतो, तुला वाचणारा माणूस हवा होता आणि माझ्याइतके शासकीय मराठी तालुक्यात कोणाला येत नव्हते. मी ते काम वर्षानुवर्षे केले. दर गुरुवारी तू यायचीस, किंवा मी जायचो. तुझा नियम असा की कागद मी आधी जसाच्या तसा वाचायचा, मग तुमच्या बोलीत सांगायचा, आणि मग तू तो मला परत सांगायचीस, बरोबर समजले की नाही हे तपासायला. एकदाही तू चुकली नाहीस. आयुष्यात एवढी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नाही, आणि हे मी तुला एकदाही बोललो नाही. हस्ताक्षर सुधार, असे मात्र पुष्कळदा म्हणालो.

त्या गुरुवारांतला एक सांगायचा उरला आहे. दोनपेक्षा जास्त अपत्ये झालेल्यांना पंचायतीचे सदस्य राहता येणार नाही, असा नियम तेव्हा लागू झाला होता. तुझ्या पंचायतीतली पारो, तुझ्याहून वयाने लहान, बोलायला धीट, तिला तिसरे मूल झाले. नवऱ्याला मुलगा हवा होता. पारोला पंचायत हवी होती. तक्रार झाली आणि कागद आला. तू ग्रामसभेत मला उभे केलेस आणि म्हणालीस, “गुरुजी, वाचा. आन् आमच्या बोलीत सांगा, कोनाचा गैरसमज नाई झाला पायजे.”

मी वाचला. बोलीत सांगितला. नियम स्पष्ट होता. पारोची जागा जात होती. मी ‘बंद’ हाच शब्द वापरला.

पारो खाली मान घालून बसली. तिचा नवरा मागे, झाडाला टेकून उभा होता. त्याची कुठली खुर्ची जाणार नव्हती. तू उठलीस. “पारना हिच्या हातात कवा होता,” तू म्हणालीस, “का तुमी हिची खुर्ची काढता?” मग तू माझ्याकडे वळलीस. “दुसरा अर्थ नाई निंगत का जी याचा?”

“नाही,” मी म्हणालो. “नियम म्हणजे नियम.”

“त्या टायमाले एका शब्दाचे दोन दोन अर्थ निंगाले,” तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “आज एकच काऊन निंगाला, गुरुजी?”

मला राग आला. चारचौघांत झालेला अपमान मला सहन होत नाही. तो माझा स्वभाव आहे आणि मी तो लपवत नाही. मी कागद टेबलावर ठेवला आणि निघून आलो. तीन गुरुवार मी आलो नाही. चौथ्या गुरुवारी तू आलीस, पिशवीत चारोळी घेऊन, पत्नीला दिलीस, आणि जणू काही झालेच नव्हते अशी नवा कागद उलगडून बसलीस. तो वाद आपण पुन्हा काढला नाही. काढला असता तर मी काय म्हणालो असतो, हे मी या तेरा दिवसांत पुष्कळदा जुळवून पाहिले. दर वेळी वाक्य नीट होते आणि दर वेळी तुझा प्रश्न त्याहून नीट असतो.

पारोच्या बाजूने तू पुढे जिल्ह्यापर्यंत गेलीस. तुम्ही बायका कचेरीपुढे बसलात, आणि निवेदन माझ्याकडून लिहून घेतलेत. निवेदनात ‘विनंती’ हा शब्द मी लिहिला होता, तू तो खोडून ‘मागणी’ लिहायला लावलेस. नियम बदलला नाही. पारो हरली. पण त्या कचेरीपुढे पारोने जे भाषण केले ते मी ऐकले, आणि ती भाषा मी शिकवलेली नव्हती.

आता शेवटच्या भेटीकडे येतो, कारण शबानाची हकीकत तिथे पक्की झाली. तू गडचिरोलीच्या दवाखान्यात होतीस. शबाना वही घेऊन खाटेशी बसली होती. तुझ्याकडून जुन्या गोष्टी लिहून घेत होती. सगुणा पायथ्याशी होती. मी खुर्चीवर बसलो. शबानाने विचारले, “बाई, सुरुवात कशी झाली ते सांगा ना.” आणि तू तेच सांगितलेस. मोहाचे झाड, पारना, थांबवाचं, थांबवाचं. सांगताना खोकलीस आणि हसलीस. “गुरुजी मोठ्या मराठीत बोलले, मी लहान मराठीत आयकलं,” तू म्हणालीस. शबाना लिहीत राहिली. मग तू माझ्याकडे पाहिलेस. त्या पाहण्यात आरोप नव्हता. तू वाट पाहत होतीस. उरलेले मी सांगावे म्हणून तू जागा मोकळी ठेवली होतीस. तुझ्या प्रत्येक भाषणात ती मोकळी असे, आणि प्रत्येक वेळी मी श्रोत्यांत बसलेला असे.

मी म्हणालो, “जास्त बोलू नको, दम लागतो.”

परवा सभेनंतर मी शबानाला गाठले आणि सांगितले की तुझ्या लेखातली हकीकत चूक आहे, ती छापू नकोस. ती दमली होती. “गुरुजी, बाईंनीच तर सांगतली ना मले. तुमी काऊन आता उकरून राह्यले? त्यांनी तुमाले कवाच माफ केलं.”

“माफ कशाबद्दल केले?” मी विचारले.

“त्या शब्दाबद्दल.”

इथेच सगळे आहे, जैवंता. तू मला एका शब्दाबद्दल क्षमा केलीस आणि मी ती घेतली. ती घेता येण्याजोगी होती. शब्दाची चूक कोणाचीही होऊ शकते, ती विद्वानालाही शोभते. इतकी वर्षे मी ती अंगरख्यासारखी घालून फिरलो. लोकांनी माझ्या पाया पडावे इथवर ती मला घेऊन आली. ज्याबद्दल क्षमा मागायला हवी होती, ते मी तुझ्यापुढे एकदाही उच्चारले नाही, आणि तूही उच्चारले नाहीस. तू विसरली होतीस, असे मला स्वतःला समजावता आले असते. पण मी वाचून दाखवलेल्या कागदातला एकही शब्द जी कधी विसरली नाही, ती हे विसरली असेल हे मी मान्य करणार नाही. तू मला राखलेस की वापरलेस, की माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहता पाहता संपलीस, हे आता कळायचा मार्ग नाही. तो मीच बंद केला.

तेव्हा शबानासाठी, त्या दोन तरुण शिक्षकांसाठी आणि सगुणासाठी, जिने आपल्याला पुन्हा भाऊ का झाला नाही हे मला कधी विचारले नाही, मागे ठेवलेली गोष्ट लिहितो. शिबिराच्या व्हरांड्यात आपण बाकावर बसलो होतो. नर्सने तुझे नाव पुकारले. तू उठलीस, दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. “गुरुजी,” तू विचारलेस, “लेकरं थोडी मोठी झाली का मंग पारना परत चालू होते ना जी?” मी म्हणालो, “हो.”